कलमाची परीक्षा : बायपासमधल्या रक्तवाहिन्यांची निवड आणि दहा वर्षांचा प्रश्न



आपल्याकडे कुणाची बायपास झाली की भेटायला येणारा माणूस एक प्रश्न हमखास विचारतो, ‘किती ग्राफ्ट घातले?’ तीन म्हटलं की मान डोलावतो. पाच म्हटलं की ‘अरे बापरे’ म्हणतो. ते ग्राफ्ट शरीराच्या कुठल्या भागातून काढले, हे सहसा कुणी विचारत नाही. खरं तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार केला, तर आकड्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, महत्त्वाचा प्रश्न तो आहे. आजचं व्याख्यान त्या न विचारलेल्या प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

आम्ही डॉक्टर नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. मग या विषयात आम्ही का शिरावं? कारण तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न इथे अगदी उघडा पडलेला दिसतो. ज्या निर्णयाचं उत्तर दहा वर्षांनी मिळणार आहे, तो निर्णय आज कशाच्या आधारावर घ्यायचा? शस्त्रक्रियेच्या टेबलावर प्रत्येक रक्तवाहिनी चांगलीच दिसते. रक्त धावतं, हृदय उचल खातं, रुग्ण आठवड्याभरात घरी जातो. कुठली वाहिनी टिकणार आणि कुठली नाही, हे त्या दिवशी डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे इथे प्रत्यक्ष प्रमाण अपुरं आहे. मग उरतं अनुमान, आणि अनुमान कसं चुकतं, कसं सुधारतं, याचा साठ वर्षांचा दस्तऐवज म्हणजे हा इतिहास.

आधी थोडी शरीररचना पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन शब्द होते : हृदयाकडून शरीराकडे रक्त नेणारी ती रोहिणी, आणि शरीराकडून हृदयाकडे रक्त परत आणणारी ती नीला. आज आपण हेच शब्द वापरू. रोहिणीत रक्त जोराने, ठोक्यागणिक धडका देत जातं, म्हणून तिची भिंत जाड आणि लवचीक असते. नीलेत रक्त संथपणे, कमी दाबाने वाहतं. तिची भिंत पातळ असते, आणि रक्त मागे फिरू नये म्हणून आत ठिकठिकाणी झडपा असतात.

हृदयाच्या स्नायूलाही स्वतःचं रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या रोहिण्यांना करोनरी म्हणतात. त्यांत चरबीचा थर साचून वाट अरुंद झाली की छातीत दुखतं, आणि वाट एकदम बंद झाली की झटका येतो. बायपास म्हणजे गावाबाहेरून काढलेला वळणरस्ता : अडथळ्याच्या पलीकडे नवी वाहिनी जोडून रक्त पोहोचवायचं. या जोडलेल्या वाहिनीला डॉक्टर ग्राफ्ट म्हणतात. आपण तिला कलम म्हणू. आंब्याचं कलम बांधणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही, कारण कलम आज जगलं की नाही हे महिन्याभरात कळतं, पण झाड कसं निघालं हे कळायला वर्षं जावी लागतात.

कलमासाठी मुख्य पर्याय तीन. पहिला पायातली लांब नीला, घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी. दुसरा छातीतली रोहिणी, जी मधल्या हाडाच्या आतल्या बाजूने, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी खाली उतरते. तिसरा मनगटातली रोहिणी, जिच्यावर बोट ठेवून आपण नाडी पाहतो. या तिघींपैकी कुणाला निवडायचं, हीच आजची कथा.

कथेची सुरुवात बरीच मागे जाते. अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यवैद्याने रक्तवाहिन्या एकमेकींना शिवण्याचं तंत्र विकसित केलं आणि त्यासाठी त्याला १९१२ सालचं नोबेल मिळालं. त्याने १९१० मध्येच कुत्र्याच्या हृदयावर बायपाससारखा प्रयोग केल्याचं लिहून ठेवलं आहे. पण माणसाच्या धडधडत्या हृदयावर दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिनीत टाका घालणं तेव्हा कल्पनेपलीकडचं होतं. म्हणून पुढची चाळीस वर्षं लोक आडवाटेने गेले.

त्यातली सर्वांत धाडसी आडवाट कॅनडात मॉन्ट्रियलच्या आर्थर व्हाइनबर्ग यांची. १९५० मध्ये त्यांनी छातीतली रोहिणी खालच्या टोकाला कापली आणि ते टोक कशाला न जोडता सरळ हृदयाच्या स्नायूत बोगदा करून पुरलं. हळूहळू तिथे नव्या बारीक वाहिन्या फुटतील, अशी त्यांची अपेक्षा होती. बहुतेक समकालीनांना हे हास्यास्पद वाटलं. पण १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अशा जुन्या रुग्णांची अँजिओग्राफी झाली, तेव्हा काही जणांमध्ये ती पुरलेली रोहिणी कित्येक वर्षांनंतरही उघडी आणि स्वच्छ सापडली. ही गोष्ट लक्षात ठेवा. छातीतली रोहिणी म्हातारी होत नाही, याचा पहिला पुरावा तिथे होता. मात्र तेव्हा ‘ही वाहिनी टिकाऊ का?’ असा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही, कारण सगळ्यांचं लक्ष ‘ही शस्त्रक्रिया चालते का?’ याकडे होतं.

याच काळात आपल्या मुंबईतही एक वेगळा प्रयत्न झाला, आणि तो विसरू नये. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी, त्यांत डॉ. उडवाडिया, डॉ. परुळकर हेही होते, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा अभ्यास करत होते. सापासारख्या प्राण्याच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असतो आणि हृदयाच्या कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीलाही सुईने सूक्ष्म भोकं पाडली तर? त्यांचा हा शोधनिबंध १९६५ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिष्ठित शस्त्रक्रिया-नियतकालिकात आला. भोकं बुजतात, हे पुढे कळलं. पण दोन-तीन दशकांनी लेझरने हेच करून पाहणाऱ्यांच्या मागे मुंबईची ही कल्पना होती. हेच सेन १९६८ च्या फेब्रुवारीत भारतात पहिलं हृदयप्रत्यारोपण करणारे.

आता मुख्य रस्त्यावर येऊ. त्यासाठी आधी एक गोष्ट घडावी लागली : अडथळा नेमका कुठे आहे हे दिसायला हवं होतं. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स एका रुग्णाच्या महारोहिणीत रंगद्रव्य सोडणार होते, ते अनवधानाने थेट करोनरीत गेलं. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला सांगितलं आणि ते पुन्हा सुरू झालं. तोवर समज असा होता की, करोनरीत रंगद्रव्य गेलं तर माणूस दगावणारच. त्या दिवशी पडद्यावर करोनरी पहिल्यांदा इतकी स्पष्ट दिसली. आजच्या अँजिओग्राफीचा जन्म तो.

नकाशा हाती आला. आता कलम कशाचं करायचं?

गंमत पाहा, माणसावरची सुरुवातीची कलमं छातीतल्या रोहिणीचीच होती. १९६० च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गोएट्झ यांनी धातूची बारीक कडी वापरून उजव्या बाजूची छातीतली रोहिणी करोनरीला जोडली. कलम चाललं, पण त्यांच्या रुग्णालयातल्या सहकाऱ्यांना ते रुचलं नाही आणि हा मार्ग पुढे गेला नाही. मग २५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये वासिली कोलेसोव्ह यांनी छातीतली रोहिणी करोनरीला टाके घालून जोडली, तीही हृदय चालू असताना, कृत्रिम हृदय-फुप्फुस यंत्राशिवाय. १९६७ मध्ये त्यांचा लेख अमेरिकन नियतकालिकात छापूनही आला. आज ज्याला आपण सर्वोत्तम कलम म्हणतो, ते कोलेसोव्ह यांच्या हातात होतं. पण स्वतःच्या देशातले हृदयरोगतज्ज्ञ त्यांच्या बाजूने नव्हते, आणि जगाने दुसरीकडे पाहिलं.

दुसरीकडे म्हणजे रेने फावालोरो यांच्याकडे. हा माणूस अर्जेंटिनाचा. ला प्लाता शहरात शिकलेला आणि मग ला पाम्पा प्रांतातल्या एका आडगावात बारा वर्षं खेड्याचा डॉक्टर म्हणून राबलेला. वयाच्या चाळिशीला टेकल्यावर तो क्लीव्हलँडला शिकायला गेला. सोन्स यांच्या अँजिओग्राफीच्या फिल्म तो तासन्‌तास पाहत बसे. ९ मे १९६७ रोजी त्याने एका ५१ वर्षांच्या बाईच्या उजव्या करोनरीतला बंद भाग पायातल्या नीलेचा तुकडा घालून ओलांडला. त्याच्याआधी नीला कुणीच वापरली नव्हती असं नाही. डेव्हिड सॅबिस्टन यांनी १९६२ मध्ये आणि ह्यूस्टनमधल्या गॅरेट-डीबेकी यांच्या चमूने १९६४ मध्ये ती वापरली होती. पण सॅबिस्टन यांचा रुग्ण काही दिवसांत दगावला, आणि ह्यूस्टनच्या चमूने आपली केस १९७३ पर्यंत छापलीच नाही. फावालोरोने एकामागून एक रुग्ण केले, मोजले, अँजिओग्राफीने तपासले आणि छापले. तीन-साडेतीन वर्षांत त्या विभागाचा आकडा हजारावर गेला.

इथे आपण थांबून न्यायाने विचार करू. आज मागे वळून पाहताना असं म्हणणं सोपं आहे की, लोकांनी टिकाऊ रोहिणी सोडून टाकाऊ नीला घेतली. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहा. नीला लांब असते, एका पायातून तीन-चार कलमं निघतात. रुंद असल्यामुळे टाका घालायला सोपी असते. एक सहकारी पायावर काम करत असतो, तोवर दुसरा छाती उघडतो, त्यामुळे वेळ वाचतो. ती आकसत नाही, जोडल्या क्षणी भरपूर रक्त देते. काळजी एवढीच घ्यायची की झडपा रक्ताच्या आड येऊ नयेत म्हणून ती उलटी करून लावायची. छातीतली रोहिणी मात्र नाजूक, बारीक. ती छातीच्या भिंतीवरून सोडवायला वेळ लागतो, आणि एवढीशी वाहिनी एवढ्या हृदयाला पुरेल का, ही शंका रास्त होती. ज्या शस्त्रक्रियेत रुग्ण टेबलावर दगावण्याची भीती मोठी, तिथे ‘आज जगेल’ याला ‘दहा वर्षांनी काय’ यापेक्षा जास्त वजन मिळणारच. त्या वेळच्या माहितीवर नीलेची निवड चुकीची नव्हती. ती अपुरी होती.

काही मोजके लोक मात्र रोहिणीला चिकटून राहिले. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज ग्रीन यांनी सूक्ष्मदर्शक वापरून डाव्या बाजूची छातीतली रोहिणी हृदयाच्या पुढच्या भागावरून उतरणाऱ्या मुख्य करोनरीला जोडली. या करोनरीला डॉक्टर एलएडी म्हणतात. हृदयाच्या मोठ्या भागाला तीच रक्त पुरवते, त्यामुळे तिच्यावरचं कलम हे सर्वांत महत्त्वाचं कलम. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास काम करायची तयारी फार थोड्यांची होती.

मग काळाने आपला निकाल द्यायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकातल्या रुग्णांची पुन्हा पुन्हा अँजिओग्राफी करणारे काही गट होते, त्यांत मॉन्ट्रियलच्या हृदयरोग संस्थेतले लुसियां काम्पो आणि त्यांचे सहकारी महत्त्वाचे. त्यांना दिसलं ते असं : पहिल्या वर्षात नीलेची काही कलमं बंद पडतात. पुढची चार-पाच वर्षं बरी जातात. त्यानंतर मात्र उतार लागतो, आणि दहा वर्षं होता होता सुमारे निम्मी कलमं बंद झालेली असतात, उरलेल्यांतही कित्येकांत चरबी साचलेली असते. त्याच वयाच्या छातीतल्या रोहिण्या बहुतांश जशाच्या तशा होत्या.

असं का व्हावं? नीला संथ, कमी दाबाच्या प्रवाहासाठी घडलेली. तिला एकदम रोहिणीच्या दाबाखाली आणलं की तिची भिंत आतून जाड होऊ लागते. जणू स्वतःला रोहिणी बनवू पाहते, आणि त्या प्रयत्नात आतली वाट अरुंद होते. पुढे त्याच जागी चरबीचा रोग बसतो. छातीतल्या रोहिणीच्या भिंतीत लवचीक पापुद्रे दाट असतात, आणि तिचं आतलं अस्तर वाहिनी सैल ठेवणारी, गुठळी रोखणारी द्रव्यं भरपूर तयार करतं. शिवाय तिचं वरचं टोक कापावं लागत नाही, ती आपल्या मुळावरच राहते. कलम म्हणावं तर हे अर्धंच कलम, उरलेलं अर्धं मूळ झाड.

१९८६ मध्ये क्लीव्हलँडच्याच फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी आपले आकडे छापले. एकीकडे एलएडीला छातीतली रोहिणी जोडलेले २,३०६ रुग्ण, दुसरीकडे फक्त नीला वापरलेले ३,६२५. तीन करोनरींचा आजार असलेल्यांत दहा वर्षांनी जिवंत असलेले अनुक्रमे शेकडा ८२.६ आणि ७१. सगळ्या गोष्टी जमेस धरून फक्त नीलावाल्यांचा मृत्यूचा धोका १.६१ पट. ज्या संस्थेने नीला जगभर नेली, त्याच संस्थेने आपल्याच नोंदवह्या उघडून तिची मर्यादा दाखवली. लूपच्या लेखानंतर वारं फिरलं. डावी छातीतली रोहिणी एलएडीला, हा आज जगभरातल्या बायपासचा पाया आहे.

पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे हात वर करतो. आपल्या न्यायदर्शनात उपाधी नावाची एक सुंदर संकल्पना आहे. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ असं कुणी म्हटलं तर नैयायिक म्हणतो, थांबा. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर कुठे आहे? धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. तो ओलेपणा ही उपाधी. तुम्ही अग्नी आणि धूर यांचं नातं पाहिलंत आणि मधला ओलेपणा तुमच्या नजरेतून सुटला.

लूपच्या आकड्यांतही उपाधी असू शकते. कुणाला रोहिणी लावायची हे चिठ्ठी टाकून ठरलं नव्हतं, डॉक्टरांनी ठरवलं होतं. तरुण, धडधाकट रुग्णाला रोहिणी आणि खूप आजारी, घाईच्या रुग्णाला नीला, असं होणं अगदी स्वाभाविक. मग जास्त जगले ते रोहिणीमुळे, की मुळातच धडधाकट होते म्हणून? संख्याशास्त्राने वय, आजाराची तीव्रता अशा गोष्टींचा हिशेब करून उपाधी काढायचा प्रयत्न केला. पण जी उपाधी मोजलीच नाही, ती काढणार कशी? डॉक्टरच्या मनातली ‘हा माणूस टिकेल’ ही भावना कुठल्या रकान्यात लिहिणार?

डाव्या रोहिणीच्या बाबतीत हा आक्षेप फारसा टिकला नाही. अँजिओग्राफीने वाहिनी उघडी दिसत होती, भिंतीच्या रचनेतून कारण सापडत होतं, आणि निरनिराळ्या देशांतून तोच अनुभव येत होता. तीन वेगळ्या वाटा एकाच गावाला पोहोचत होत्या. पण पुढच्या पायरीवर हीच उपाधी आडवी आली.

पुढची पायरी साहजिक होती. एक रोहिणी चांगली, तर दोन्ही अधिक चांगल्या नाहीत का? क्लीव्हलँडच्या ब्रूस लायटल यांनी १९९९ मध्ये हजारो रुग्णांच्या नोंदींवरून असंच मांडलं की, दोन छातीतल्या रोहिण्या एकीपेक्षा बऱ्या. तर्क पटण्यासारखा होता. तरी अमेरिकेत दोन्ही रोहिण्या वापरण्याचं प्रमाण शेकडा दहाच्याही खालीच राहिलं. कारण छातीच्या मधल्या हाडाला रक्त याच दोन रोहिण्यांकडून मिळतं. दोन्ही काढून घेतल्या की हाड सांधायला वेळ लागतो आणि जखम चिघळण्याची भीती वाढते, विशेषतः मधुमेही आणि लठ्ठ रुग्णांत. आपल्या देशात बायपासला येणाऱ्यांत मधुमेही किती असतात, हे इथे बसलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

म्हणून चिठ्ठी टाकायचं ठरलं. ऑक्सफर्डच्या डेव्हिड टॅगर्ट यांच्या पुढाकाराने २००४ ते २००७ या काळात सात देशांतल्या २८ रुग्णालयांत ३,१०२ रुग्ण निवडले गेले. त्या सात देशांत भारतही होता. कुणाला एक रोहिणी, कुणाला दोन, हे नशिबावर सोडलं. उपाधी काढून टाकण्याचा माणसाला सापडलेला हा सर्वांत प्रामाणिक उपाय. मग दहा वर्षं थांबले. २०१९ मध्ये निकाल आला : दोन रोहिणीवाल्यांत दहा वर्षांतले मृत्यू शेकडा २०.३, एकवाल्यांत २१.२. म्हणजे ठाम फरक नाही. छातीच्या जखमेचा त्रास मात्र दोनवाल्यांत शेकडा ३.५, एकवाल्यांत १.९.

मग वाद संपला का? नाही. दोन रोहिण्यांसाठी निवडलेल्यांपैकी सुमारे शेकडा चौदा जणांना प्रत्यक्षात एकच लावली गेली. एकवाल्या गटात दर पाचातल्या एकाला शिवाय मनगटातली रोहिणीही मिळाली. दोन्ही गटांचे रुग्ण औषधं नीट घेत होते, त्यामुळे नीलाही जास्त टिकल्या. एक पक्ष म्हणतो, फायदा नाही हे सिद्ध झालं. दुसरा म्हणतो, फायदा झाकला गेला. आमच्या मते चाचणीने एक मोठं काम केलं : जुन्या नोंदींत दिसणारा फायदा सगळाच्या सगळा रोहिणीचा नव्हता, त्यात रुग्णनिवडीचा वाटा होता, हे मानायला तिने सगळ्यांना भाग पाडलं.

आता तिसरी वाहिनी, मनगटातली. तिची गोष्ट आम्हाला सर्वांत बोधप्रद वाटते. पॅरिसच्या अलेन कार्पांतिए यांनी १९७१ पासून ती वापरायला घेतली. दोनेक वर्षांत जवळजवळ एक-तृतीयांश कलमं बंद किंवा अरुंद झाल्याचं दिसलं. मनगटातल्या रोहिणीच्या भिंतीत स्नायू जास्त, त्यामुळे धसमुसळेपणाने हाताळली की ती आकसून जाते. पद्धत सोडून देण्यात आली. प्रकरण मिटलं, असं सगळ्यांनी धरलं. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी एका जुन्या रुग्णाची पुन्हा अँजिओग्राफी झाली, आणि बंद पडलेलं समजलेलं मनगटातलं कलम दीड दशकानंतर उघडं, निरोगी सापडलं. आणखी जुने रुग्ण बोलावले, तिथेही अशी कलमं मिळाली. १९९२ मध्ये ख्रिस्तोफ अकार, कार्पांतिए आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत पुन्हा मांडली, या वेळी वाहिनी हळुवारपणे सोडवून आणि तिला सैल ठेवणारी औषधं देऊन.

यातला बोध काय? ‘वाहिनी वाईट’ आणि ‘वाहिनी काढण्याची रीत वाईट’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि पहिल्या अपयशात ती एकमेकांत मिसळून गेली होती. २०१८ मध्ये मारिओ गाउदिनो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठी टाकून झालेल्या सहा चाचण्यांतल्या १,०३६ रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला. दुसरं कलम म्हणून नीला आणि मनगटातली रोहिणी यांची ती तुलना होती. पाच वर्षांत मनगटवाल्यांची कलमं कमी बंद पडली होती, आणि मृत्यू, झटका किंवा पुन्हा हस्तक्षेप ही तिन्ही मिळून होणारी संकटंही कमी होती.

इथेही अटी आहेत. करोनरी बरीच अरुंद झालेली असेल तरच मनगटातली वाहिनी टिकते. अडथळा किरकोळ असेल तर मूळ वाटेने रक्त वाहत राहतं आणि नवं कलम रिकामं पडून आकसतं. हाताला रक्त पुरवणारी दुसरी रोहिणी समर्थ आहे ना, हेही आधी तपासावं लागतं. आणि एक नवा पेच : हल्ली अँजिओग्राफी मनगटातून करतात. ही वाट १९८९ मध्ये मांडली ती काम्पो यांनीच, ज्यांनी नीलेच्या कलमांचा पाठपुरावा केला होता. रुग्णाला ती फार सोयीची असते. पण जिच्यातून नळी गेली, त्या रोहिणीच्या अस्तराला इजा होऊ शकते, म्हणून शल्यवैद्य ती कलमासाठी घ्यायला कचरतात. एका विभागाची सोय दुसऱ्या विभागाचा पर्याय खाऊन टाकते.

आणि नीला? ती गेलेली नाही. डाव्या रोहिणीच्या जोडीला आजही जगात सर्वांत जास्त वापरली जाते ती नीलाच. तिचीही काळजी घ्यायला लोक शिकले. कोलेस्टेरॉल जोरकसपणे कमी केलं तर नीलेतला रोग मंदावतो, हे १९९७ मध्ये चाचणीने दिसलं. स्वीडनमध्ये ओरेब्रोच्या डोमिंगोस सोझा यांनी नीला भोवतालच्या चरबीसकट, न ताणता, न फुगवता काढायची रीत रूढ केली. तिथे तिचं आयुष्य वाढलेलं दिसतं. म्हणजे ‘दहा वर्षांत निम्मी बंद’ हा आकडा सत्तरच्या दशकातल्या नीलांचा आहे, आजच्या काळजी घेतलेल्या नीलेचा नव्हे. आपलं ज्ञान नेहमी मागच्या पिढीच्या कलमांबद्दल असतं, आणि निर्णय मात्र आजच्या कलमाचा घ्यायचा असतो.

कलम जुनं झालं तर पुन्हाही उघडावं लागतं. आपले माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली, आणि दुसरी २००९ च्या जानेवारीत दिल्लीच्या एम्समध्ये, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या नेतृत्वाखाली. दुसऱ्या वेळी छाती उघडणं जास्त अवघड असतं, कारण आतले थर एकमेकांना चिकटलेले असतात. म्हणून पहिल्या वेळची निवड इतकी मोलाची. पंचेचाळिशीच्या माणसाची बायपास आणि अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाची बायपास यांत ‘सर्वोत्तम कलम’ एकच असेल असं नाही. अठ्ठ्याहत्तरीच्या मधुमेही आजोबांना दोन्ही रोहिण्या काढून जखमेचा धोका देण्यापेक्षा एक रोहिणी आणि नीला हे शहाणपणाचं ठरू शकतं. पंचेचाळिशीच्या माणसाला मात्र पुढची तीस वर्षं काढायची आहेत.

मग घरच्यांनी काय करावं? निर्णय शल्यवैद्याचाच असतो, तो आपण खुर्चीत बसून घ्यायचा नाही. पण विचारता येतं. एलएडीला छातीतली रोहिणी लावणार ना? बाकीच्या कलमांना काय वापरणार, आणि या वयाला, या साखरेला तेच का? मनगटातली वाहिनी वापरायचा विचार असेल, तर अँजिओग्राफी दुसऱ्या हातातून करता येईल का? आणि नंतर कोणती औषधं कायमची घ्यायची? असे प्रश्न नम्रपणे विचारलेले चांगल्या डॉक्टरला आवडतात. उत्तर शेवटी ‘नीलाच’ असं आलं, तरी हरकत नाही. कारण कळलेलं असावं.

शेवटी एकच सांगून आम्ही थांबतो. या साठ वर्षांत आपण ज्यांची नावं घेतली ते सगळे डॉक्टर. फावालोरो १९७१ मध्ये मायदेशी परतले, तिथे त्यांनी संस्था उभारली, आणि २००० मध्ये त्या संस्थेच्या कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. त्यांची आठवण जगाने ठेवली, आणि ठेवायलाच हवी. पण ज्यांच्या शरीरात काळाने ही परीक्षा घेतली, ते रुग्ण निनावी राहिले. पहिल्या नीला ज्यांच्या छातीत आठ-दहा वर्षांनी बंद पडल्या, जे दुखणं संपलेलं असतानाही पुन्हा अँजिओग्राफीला येऊन टेबलावर झोपले, ज्यांनी आपलं कलम चिठ्ठीवर सोडायला होकार दिला, आणि त्यांत आपल्या देशातलेही लोक होते, त्यांच्यामुळे आज आपल्या घरातल्या माणसाला नेमकं उत्तर मिळतं. आपल्या परंपरेत ऋषिऋण म्हणतात, ते ज्ञान देणाऱ्यांचं ऋण. या ज्ञानाचे ऋषी ते रुग्ण आहेत. उद्या कुणी आपल्यालाही विचारलं की, पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी तपासणीला याल का, अभ्यासासाठी माहिती द्याल का, तर शक्य असेल तेव्हा हो म्हणावं. पुढच्या पिढीचा प्रश्न त्यातूनच सुटणार आहे.

 आता प्रश्न घेऊ.